आकडा नसलेली हमी

प्रश्न : मी नाशिकची. वय ३६. मुलगी शाळेत जायला लागल्यापासून घरूनच पॅकेजिंग डिझाइनचं काम करते: मसाले, फरसाण, द्राक्षांच्या पेट्या. आता मुंबईची एक ब्रँडिंग एजन्सी दरमहा ६०,००० रुपयांचं काम द्यायला तयार आहे. त्यांनी चौदा पानांचा इंग्रजी करार पाठवलाय. कलम ११ मध्ये म्हटलंय की माझ्या कामामुळे ‘किंवा त्याच्याशी संबंधित कोणत्याही कारणाने’ एजन्सीचं किंवा तिच्या क्लायंटचं जे काही नुकसान होईल ते मी ‘व्यक्तिशः आणि कोणत्याही मर्यादेविना’ भरून द्यायचं. शेवटच्या पानावर नवऱ्याच्या सहीसाठी जागा आहे, वर ‘गॅरंटर’ असं छापलंय. शिवाय सही केलेला एक कोरा चेक मागितलाय. तिथल्या मॅडम म्हणतात, ‘स्टँडर्ड फॉरमॅट आहे, सगळेच करतात, आजवर कुणावर ही वेळ आली नाही.’ आमचा फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, कर्ज चालू आहे. उद्या काही झालं तर घर जाईल का? त्यापेक्षा कंपनी काढू का? दीर म्हणतात, सही कर आणि खाली ‘अंडर प्रोटेस्ट’ (म्हणजे हरकत नोंदवून) लिही, म्हणजे सुटलीस. काय करू? काम हातचं घालवायचं नाहीये.

उत्तर :

काम घालवू नका, पण नवऱ्याची सही आणि कोरा चेक या दोन गोष्टींना आजच नकार कळवून टाका. बाकी सगळ्यावर बोलणी होऊ शकतात, या दोन्हींवर करू नयेत.

आधी नवऱ्याची सही. साक्षीदार म्हणून सही करणं वेगळं. तुम्ही सही केलीत हे आपण पाहिलं, इतकंच साक्षीदार सांगतो. गॅरंटर म्हणजे जामीनदार, आणि भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच असते. एजन्सीने आधी तुमच्याकडे मागायचं, तुमच्याकडून मिळालं नाही तर त्यांच्याकडे जायचं, असा क्रम कायद्याने घालून दिलेला नाही. पहिल्या दिवशी थेट तुमच्या यजमानांना नोटीस धाडली तरी ती चालते. डिझाइनशी ज्यांचा काडीचा संबंध नाही त्यांची नोकरी आणि फ्लॅटमधला हिस्सा त्या एका सहीने तुमच्या कामाला बांधले जातात. घरी कुणी म्हणेल, ‘अगं नुसती सही तर आहे.’ सहकारी पतपेढ्यांच्या वसुलीच्या नोटिसा ज्यांच्या दारात आल्या त्या जामीनदारांनीही हेच म्हटलं होतं.

आता चेक. सही केलेला कोरा चेक स्वखुशीने दिला आणि रक्कम नंतर दुसऱ्याने भरली, तरी तो देणं फेडण्यासाठीच दिला होता असं गृहीत धरलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली बीर सिंग विरुद्ध मुकेश कुमार या निकालात हे स्पष्ट केलंय. तसं देणं नव्हतं हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं. चेक वटला नाही आणि नोटीस येऊनही पैसे भरले नाहीत, की निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम १३८ लागतं: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे जो वाद ‘डिझाइन बरोबर होतं की चूक’ असा दिवाणी स्वरूपाचा होता, तो एका कोऱ्या चेकमुळे फौजदारी होतो आणि तुम्ही आरोपी म्हणून तारखांना उभ्या राहता. लेआउट करणाऱ्या बाईकडून सिक्युरिटी चेक कशासाठी हवा, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही. तुम्ही त्यांच्याकडून उसने पैसे घेत नाही आहात. उलट महिनाभर काम करून मग बिल लावणार आहात, म्हणजे उधारी तुम्हीच त्यांना देताय.

आता तुमच्या पत्राचा गाभा, कलम ११.

करारात हे कलम नसतंच तर काय झालं असतं? तरीही तुम्ही जबाबदार असता, पण करार कायद्याच्या कलम ७३ च्या चौकटीत. तुम्ही करार मोडला हे एजन्सीने दाखवायचं, नुकसान किती झालं ते दाखवायचं, आणि ते त्या चुकीतून सरळ निघालेलं किंवा करार करतानाच दोघांना ठाऊक असलेलं हवं. दूरदूरचं, ओढूनताणून जोडलेलं नुकसान मिळत नाही. शिवाय हातपाय हलवून जे टाळता आलं असतं आणि टाळलं नाही, त्याचं बिलही दुसऱ्याच्या माथी मारता येत नाही. सामान्य माणसाला पेलेल अशी ही चौकट आहे.

कलम ११ तुम्हाला या चौकटीतून बाहेर काढून कलम १२४ आणि १२५ मध्ये नेऊन बसवतं. ही इंडेम्निटी, म्हणजे दुसऱ्याचं नुकसान भरून देण्याची हमी. कलम १२४ ची व्याख्याच अशी आहे की नुकसान हमी देणाऱ्याच्या वागण्याने झालेलं असो किंवा ‘दुसऱ्या कोणाच्या’, ते भरून द्यायचं वचन देता येतं. आणि कलम १२५ नुसार ज्याला हमी दिली त्याला दाव्यात भरावी लागलेली रक्कम मिळते, दाव्याचा खर्च मिळतो, शिवाय त्याने तडजोडीत जे दिलं तेही मिळतं. अट एवढीच की ती तडजोड तुमच्या सूचनेविरुद्ध नसावी आणि शहाण्या माणसाने केली असती तशी असावी. तडजोडीचं नीट वाचा. एजन्सीला आपला मोठा क्लायंट दुखवायचा नाही. ती त्याच्याशी चहा घेता घेता मिटवून टाकेल आणि मिटवण्याची रक्कम तुमच्या नावावर लागेल. तुम्ही आधी काही कळवलेलंच नसेल तर ‘माझ्या सूचनेविरुद्ध केलं’ असं म्हणायलाही जागा नाही.

‘पण प्रत्यक्ष पैसे गेल्यावरच मागतील ना?’ असं वाटेल. तेही नाही. १९४२ साली मुंबई उच्च न्यायालयात गजानन मोरेश्वर परेळकर विरुद्ध मोरेश्वर मदन मंत्री (मंत्री हे आडनाव) हा खटला चालला. परेळकरांनी मुंबई महापालिकेकडून भाडेपट्ट्याने घेतलेल्या भूखंडावर मंत्र्यांनी बांधकाम काढलं. मालपुरवठा करणाऱ्याची बाकी थकली, तेव्हा तिच्यापोटी परेळकरांनी ती मालमत्ता गहाण ठेवली, आणि मंत्र्यांनी त्यांना या साऱ्यातून मोकळं करायची हमी दिली. ती पाळली नाही म्हणून परेळकर कोर्टात गेले. मंत्र्यांचा बचाव असा की तुमच्या खिशातून अजून दमडी गेलेली नाही, मग नुकसान कुठलं? न्यायमूर्ती छागला यांनी तो फेटाळला. जबाबदारी डोक्यावर पक्की बसली असेल तर हमी घेणारा पैसे भरेपर्यंत थांबायला बांधील नाही, तो हमी देणाऱ्याला ‘आधी मला यातून सोडव’ म्हणू शकतो. इतक्या वर्षांनंतरही इंडेम्निटीच्या वादात वकील हाच निकाल काढतात. तेव्हा क्लायंटने एजन्सीवर रक्कम पक्की केली, की एजन्सीने ती भरण्याआधीच ती तुमच्या दारात येऊ शकते.

हे तुमच्या टेबलावर आणून बघू. समजा कांदा-लसूण मसाल्याचं पाऊच आहे. मागच्या बाजूला नेट वजन, एमआरपी, उत्पादकाचं नाव-पत्ता, ग्राहक तक्रारीचा क्रमांक, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) चौदा आकडी परवाना क्रमांक, हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका, घटकांची यादी. यातला एकही मजकूर तुमचा नाही. क्लायंटने तो एजन्सीला व्हॉट्सॲपवर पाठवला, तिथल्या मुलाने एक्सेलमध्ये चिकटवला, तुम्ही तो लेआउटमध्ये बसवला. परवाना क्रमांकातला एक आकडा मुळातच चुकलेला. प्रूफ एजन्सीने पाहिलं, क्लायंटने ‘ओके’ केलं, छपाईचे सिलिंडर कोरले, हजारो पाऊच छापून झाले आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं. पाकिटावरच्या घोषणा बरोबर असाव्यात ही कायद्याने उत्पादक आणि पॅकर यांची जबाबदारी आहे, वजनमाप कायद्यातही आणि अन्नसुरक्षेच्या नियमांतही. इन्स्पेक्टर तुमच्या घरी येणार नाही. पण सिलिंडर, फिल्म, छपाई, रद्द झालेली डिलिव्हरी आणि ‘बाजारातली पत गेली’ हे सगळं एका कागदावर मांडून क्लायंट एजन्सीकडे मागेल, आणि एजन्सी कलम ११ वर बोट ठेवेल. ‘कामाशी संबंधित कोणत्याही कारणाने.’ चुकलेला आकडा तुमच्या फाइलमध्ये होता, म्हणजे संबंध आलाच.

म्हणून मला या कलमातल्या कडक भाषेपेक्षा त्यात आकडा नसण्याची जास्त भीती वाटते. महिन्याला ६०,००० घेणाऱ्या माणसाने जास्तीत जास्त किती गमवायचं, याला या करारात तळच नाही. तो तुम्ही घालून घ्यायचा.

कसा, ते सांगते. पहिली गोष्ट, ‘संबंधित कोणत्याही कारणाने’ हे शब्द काढून ‘कंत्राटदाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे किंवा करारभंगामुळे’ असं घाला, आणि क्लायंटने किंवा एजन्सीने पुरवलेला मजकूर, लोगो, छायाचित्रं आणि लेखी मंजूर झालेलं प्रूफ यातून वगळा. मग आकडा. एकूण जबाबदारी त्या त्या कामाच्या फीपेक्षा जास्त नाही. खेचाखेच झालीच तर मागच्या सहा महिन्यांत मिळालेल्या फीपर्यंत जा, म्हणजे ३,६०,०००. त्यापुढे सरकू नका. क्लायंटचा बुडालेला नफा, पत, सुटलेला हंगाम असलं अप्रत्यक्ष नुकसान पूर्ण बाहेर ठेवा. दिवाळीचं फरसाण दिवाळीनंतर बाजारात आलं तर काय आकडा निघेल याचा अंदाज तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त असेल. आणि तडजोडीचं दार बंद करा: क्लायंटने काही मागणी केली की एजन्सीने सात दिवसांत तुम्हाला लेखी कळवायचं, आणि तुमच्या लेखी संमतीशिवाय मिटवायचं नाही. जाणूनबुजून केलेली फसवणूक मात्र या मर्यादेत घालायचा आग्रह धरू नका. कुणीही मान्य करणार नाही, करूही नये.

एक जबाबदारी तुम्ही बिनतक्रार घ्यायला हवी, आणि ती मर्यादेत बसवायला एजन्सी तयार नसली तर तिचं चुकत नाही. तुम्ही बाहेरून जे आणाल ते चोरीचं नसेल याची. नेटवरून उचललेला मोराचा फोटो, मित्राने पेनड्राइव्हवर दिलेला फॉन्टचा गठ्ठा, ‘पर्सनल यूज’ असं स्पष्ट लिहिलेला देवनागरी फॉन्ट व्यावसायिक पाकिटावर: हा धोका खरा आहे आणि तो पूर्णपणे तुमच्या हातात आहे. प्रत्येक कामाच्या फोल्डरमध्ये फॉन्टचं आणि स्टॉक इमेजचं लायसन्स, खरेदीची पावती ठेवा. एआयने काढलेलं चित्र वापरलंत तर तसं एजन्सीला आधीच लेखी सांगा. इथे हयगय केलीत तर वरचं सगळं शहाणपण फुकट आहे.

तुमच्या पत्रात एक विषय आलेला नाही, पण नाशिकच्या डिझायनरांची मान जिथे खरोखर अडकते तो हाच, म्हणून थोडं थांबते. एजन्सी म्हणेल, ‘छपाईचं जरा तिकडेच बघा ना, तुमच्या ओळखीचा प्रिंटर असेल.’ तुम्ही अंबड किंवा सातपूर एमआयडीसीतल्या प्रिंटरला फोन लावता, ‘दादा, पाच हजार बॉक्स घ्या छापायला, फाइल पाठवते.’ एजन्सीचं नाव काढत नाही, कारण प्रिंटरने थेट तिकडे संधान बांधू नये असं वाटतं. आता करार कायद्याचं कलम २३० बघा. दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करणारा एजंट सहसा स्वतः बांधला जात नाही. पण ज्याच्या वतीने केला त्याचं नाव त्याने सांगितलं नसेल, तर तो स्वतःच बांधला गेला असं गृहीत धरलं जातं. एजन्सीने पैसे दिले नाहीत की प्रिंटर तुमच्याच नावाने दावा लावणार, आणि त्याचं बरोबरच असेल. खऱ्या एजंटला निदान कलम २२२ चा आधार असतो, कायदेशीर कामात झालेली झळ मालकाने भरून द्यायची. तुमच्या करारात मात्र अशा करारांत हमखास असतं तसं ‘कंत्राटदार हा एजन्सीचा एजंट, भागीदार किंवा नोकर नाही’ असं वाक्य असणार. शोधा, सापडेल. म्हणजे प्रिंटरपुढे तुम्ही मालक आणि एजन्सीपुढे परक्या.

उपाय सोपा आहे. पर्चेस ऑर्डर एजन्सीच्या लेटरहेडवर, एजन्सीच्या जीएसटी क्रमांकासह, थेट प्रिंटरला. बिल एजन्सीच्या नावावर. तुम्ही फक्त फाइल पाठवायची आणि रंग तपासायचे. घाईत फोनवरच सांगावं लागलं, तर लगेच मागोमाग एक मेसेज टाका: ‘हे काम अमुक एजन्सीचं आहे, ऑर्डर आणि पेमेंट त्यांच्याकडून.’ एजन्सीला नाव उघड व्हायला नको असेल, तर छपाईचे पूर्ण पैसे आधी तुमच्या खात्यात, मगच फोन.

आता घर. जाऊ शकतं का? कायद्याने उत्तर ‘तुमचा हिस्सा, हो’ असं आहे, पण वाट लांब आहे. तुम्ही ‘अमुक क्रिएशन्स’ असं नाव लावून करंट खातं उघडलं असलं तरी प्रोप्रायटरी धंद्याला मालकापासून वेगळं अस्तित्व नसतं. धंद्याचं देणं ते तुमचं देणं. तरी एजन्सीला नोटीस, मग लवाद किंवा दावा, मग निवाडा किंवा हुकूमनामा आणि त्यानंतर अंमलबजावणी, एवढं सगळं करावं लागेल. निकालाआधीच जप्ती मागायची तर तुम्ही मालमत्ता लपवायला किंवा विकून टाकायला निघाला आहात असं कोर्टाला पटवावं लागतं. फ्लॅटवर बँकेचं गहाण आधीचं आहे, तिचा हक्क पहिला. तुमच्या यजमानांचा हिस्सा तुमच्या देण्यासाठी जप्त होत नाही. अर्थात त्यांनी गॅरंटर म्हणून सही केलेली नसेल तर. ती सही झाली की अख्खा फ्लॅट टप्प्यात येतो. मी सुरुवातीलाच त्या सहीवर एवढी का अडले, ते आता लक्षात येईल.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये काय जप्त करता येत नाही याची यादी आहे: अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, धर्मरीतीप्रमाणे बाईला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने, कारागिराची हत्यारं, पीपीएफमधली रक्कम, आयुर्विम्याचे पैसे. तुमचा कॉम्प्युटर कारागिराच्या हत्यारांत बसतो का, यावर एखादा वकील आनंदाने वाद घालेल. आणि त्याच संहितेचं कलम ५६ सांगतं की पैशांच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला दिवाणी कैदेत टाकता येत नाही. रात्री झोप लागावी म्हणून हे सांगितलं. पण चेकच्या कलम १३८ ला हे संरक्षण नाही, ते फौजदारी आहे.

कंपनी काढावी का? एकट्या माणसाला एकल व्यक्ती कंपनी काढता येते, कंपनी कायदा २०१३ पासून ती सोय आहे. एलएलपीला, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीला, दोन भागीदार लागतात. कंपनीने केलेल्या कराराची जबाबदारी सहसा कंपनीपुरती राहते, तेवढा फायदा खराच. पण ज्या एजन्सीने डिझायनरकडून नवऱ्याची हमी मागितली, ती तुमच्या कंपनीच्या करारावर तुमची वैयक्तिक हमी मागणार नाही का? ती दिलीत की कंपनीचा पडदा फाटला. दुसऱ्याचं चित्र तुमच्याच हातांनी वापरलंत तर कॉपीराइटभंगाचा दावा कंपनीसोबत तुमच्यावरही येऊ शकतो. वर दरवर्षी ऑडिट, विवरणपत्रं, सीएची फी. सध्याच्या उलाढालीला हा व्याप परवडणारा नाही असं माझं मत आहे. हाताखाली माणसं ठेवाल, छपाईसकट कामं घ्याल, तेव्हा जरूर विचार करा. प्रोफेशनल इंडेम्निटी विम्याची, म्हणजे व्यवसायातल्या चुकीचं नुकसान भरणाऱ्या विम्याची, चौकशी मात्र आताच करायला हरकत नाही. पण बहुतेक पॉलिसींत एक अपवाद असतो: कायद्याने जी जबाबदारी आली नसती आणि केवळ करारात लिहून दिल्यामुळे आली, ती विमा भरत नाही. म्हणजे कलम ११ जसंच्या तसं ठेवून विमा काढलात, तर नेमकं नको तिथेच छप्पर गळेल.

बाकीची कलमं चौदा पानांत काय असतील याचा मला अंदाज आहे, त्यांचं झटपट. ‘करार संपल्यावर दोन वर्षं आमच्या क्षेत्रात काम करायचं नाही’ हे करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकत नाही, त्यापायी झोप घालवू नका. गुपितं न फोडण्याचं बंधन टिकतं, ते पाळा. ‘एकमेव लवाद एजन्सीचे संचालक नेमतील’ असं असेल तर ते सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालानंतर चालत नाही. ‘दोघांच्या संमतीने’ असं करून घ्या. कॉपीराइट एजन्सीला द्यायला हरकत नसावी, पण ‘पूर्ण फी मिळाल्यावर’ हे तीन शब्द त्यात हवेत.

‘क्लायंटने दिल्यावर आम्ही देऊ’ असं पेमेंटचं कलम असेल तर एमएसएमई (सूक्ष्म, लघू, मध्यम उद्योगांचा) कायदा २००६ तुमच्या बाजूला आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे या कायद्याखालची सरकारी नोंदणी, करा, सही करण्याआधी. ऑनलाइन होते आणि फुकट आहे, कुणी एजंट पैसे मागत असेल तर त्याला देऊ नका. नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचं बिल काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावंच लागतं. करारात ९० दिवस लिहिले तरी ४५ च धरले जातात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. मागायची वेळ क्वचितच येते, पण बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक छापलेला असला की अकाउंट्सवाले जरा लवकर फोन उचलतात. आणि ‘नुकसानीची रक्कम कंत्राटदाराच्या बिलातून वळती करू’ असं वाक्य दिसलं तर त्यात ‘वाद नसलेली किंवा निवाड्याने ठरलेली’ हे शब्द घाला. नाहीतर कोर्टाची पायरी न चढता वसुली तिथेच होते, आणि व्यवहारात बहुतेकदा होते ती अशीच.

मॅडमना काय लिहायचं? फोनवर बोलू नका, ईमेल करा. साधारण असं: ‘तुमच्याबरोबर काम करायला मी उत्सुक आहे. माझ्या चुकीची जबाबदारी मी घेते, फॉन्ट आणि चित्रांच्या लायसन्सचीही पूर्ण घेते. पण क्लायंटने दिलेल्या मजकुराची आणि मंजूर प्रूफची घेऊ शकत नाही, आणि एकूण जबाबदारीला फीइतकी मर्यादा हवी. कलम ११ चा सुधारित मसुदा जोडला आहे. मी एकटी व्यावसायिक असल्याने जामीनदार आणि सिक्युरिटी चेक देऊ शकणार नाही. यजमान साक्षीदार म्हणून सही करतील.’ मसुदा एखाद्या वकिलाकडून इंग्रजीत नीट उतरवून घ्या, एका पानाचं काम आहे. ‘कधी कुणावर ही वेळ आली नाही’ असं पुन्हा ऐकवलं तर नम्रपणे विचारा, की मग मर्यादा घालायला अडचण काय? माझा अनुभव असा, की पहिल्या मेलला ‘लीगलला विचारावं लागेल’ असं उत्तर येतं, आणि आठवड्याभराने कलमं बदलून येतात, निदान अर्धी तरी. वगळणी आणि आकडा दोन्ही मिळत नसतील तर आकडा धरून ठेवा, वगळणीवर थोडं सैल सोडा. आकडाही नाही, जामीनदारही हवा, चेकही हवा असं असेल, तर ६०,००० महिना हा त्या जोखमीचा भाव नाही.

आणि ही बोलणी चालू असताना ‘तोवर एक छोटं काम करून टाका’ असं आलं तर सावध. ईमेलवर ‘अटी मान्य, काम सुरू करते’ असं लिहिलंत तर स्टँप पेपर आणि सही नसतानाही करार झाला असं म्हणता येतं. काम घ्या, पण मेलमध्ये लिहा की हे काम अमुक फीला, वेगळं, आणि मुख्य कराराच्या अटी अजून ठरायच्या आहेत.

राहिलं दिरांचं ‘अंडर प्रोटेस्ट’. तो सल्ला प्रेमापोटी आहे, पण उपयोगाचा नाही. तुमच्यावर कुणी बळजबरी केलेली नाही, करार वाचून तुम्ही सही करताय. खाली काहीही खरडलंत तरी वरची कलमं जागची हलत नाहीत. उलट कलमं वाचून, समजून सही केली याचा तो पुरावाच होईल. त्यापेक्षा जे शब्द नको आहेत ते शाईच्या पेनाने आडवी रेघ मारून खोडा, वर नवे शब्द लिहा, आणि समासात तुमची व एजन्सीच्या अधिकृत माणसाची, दोघांची आद्याक्षरं आणि तारीख घ्या. दोन्ही प्रतींवर. एकट्याने खोडून सही करून पाठवलंत तर तो फक्त तुमचा प्रस्ताव ठरतो. त्यांच्या सह्यांची प्रत हातात येईपर्यंत या करारातल्या कामाची एकही फाइल पाठवू नका.